मराठी प्रत जोडावी

लवंगेच्या तेलाचा वास आधी गोड असतो, मग तिखट होतो आणि शेवटी जिभेच्या मुळाशी बधिरपणा होऊन उरतो. निपाणीत मात्र तो एकटा कधी भेटत नसे. त्याच्याखाली तंबाखूचा वास अंथरलेला असे. वखारींतून निघालेला, भिंतींच्या चुन्यात मुरलेला, उन्हात तापून जड झालेला. दवाखान्याच्या तीन दगडी पायऱ्या चढताना पहिल्या पायरीवर नुसता तंबाखू, दुसरीवर दोन्ही आणि तिसरीवर नुसती लवंग. डोळे मिटूनही मी माझी पायरी सांगू शकले असते. आता मी बेळगावात, खासबागेत राहते. जवळच्या मच्छे गावच्या शाळेत मुलांना कविता शिकवते. मसाला भाजताना एखादी लवंग तव्यावर तडकली की माझा हात थांबतो आणि त्या तिसऱ्या पायरीवरून एक आवाज येतो.

"या, बसा. काल काय जेवलासा?"

दातांच्या त्या डॉक्टरांचा हा पहिला प्रश्न असे. दुखते कुठे, हा दुसरा. गाल धरून कळवळत आलेल्या बाईला आधी कालची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी असे सगळे ताट सांगावे लागे. ती सांगत असताना डॉक्टर तिच्याकडे पाहत नसत. खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत ऐकत.

"भ्यालेलं तोंड उघडलं तरी मिटलेलंच असतंय," ते मला म्हणत. "जेवणाचं बोलायला लागलं की सैल होतं. शेंगांच्या चटणीला ही थांबली बघ. म्हणजे उजव्या दाढेचं काम हाय."

दातांना त्यांनी आपली नावे दिली होती. सुळा म्हणजे फौजदार. दाढा म्हणजे घरच्या सुना, 'सगळं दळण त्यांच्यावर आणि दुखतंय हे घराला शेवटी कळतं.' अक्कलदाढ म्हणजे घरजावई. 'उशिरा येतो, जागा अडवतो आणि काढायचा म्हटलं की सगळं घर सुजतं.' वखारीतल्या बायका खुर्चीवर बसल्या बसल्या पदरात तोंड लपवून हसत आणि हसता हसता त्यांची तोंडे उघडत. काढलेला दात डॉक्टर स्वतः धुऊन कागदाच्या पुडीत बांधून ज्याचा त्याला देत. "तुमचा ऐवज. माझ्याकडं ठेवून काय करू?"

मी त्यांच्याकडे लागले ती अक्षरामुळे. मराठीत एम. ए. होऊन घरी बसले होते. वाचनालयाच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहीत असे. एके दिवशी ते फळ्यासमोर उभे राहून खूप वेळ पाहत होते. सुविचार त्यांनी वाचला नसावा. म्हणाले, "हा 'ळ' कुणी काढलाय? माझं अक्षर मुंग्यांनासुद्धा लागत न्हाय. औषधाच्या दुकानवाला दिवसातनं चार वेळा फोन करतो. उद्यापासनं येतीस काय गं?" दुसऱ्या दिवसापासून रुग्णांच्या कार्डांवर त्यांच्या तोंडचे शब्द माझ्या अक्षरात उतरू लागले. प्रत्येक कार्डावर तोंडाचा एक नकाशा असे. जबड्याची कमान मी काढायची आणि कुठे कीड, कुठे चट्टा, कुठे रिकामी जागा, हे त्यांनी सांगायचे. बोलताना त्यांचा स्वर असा हळुवार होई की एखाद्या गावाचे वर्णन ऐकल्यासारखे वाटे: "इथनं पुढं जमीन मऊ हाय. इथं पांढरं पडलंय. ह्या वाटेनं लक्ष ठेवायचं."

पांढऱ्या चट्ट्यांवर त्यांचे लक्ष फार. मिश्रीने हिरड्या काळवंडलेल्या, तंबाखूच्या धुळीने नाक-घसा भरलेला, अशा बायकांच्या गालाच्या आतल्या बाजूला एखादा दुधाच्या सायीसारखा ठिपका दिसला की त्यांच्या विनोदाचा आवाज बंद होई. खोलीत फक्त स्टोव्हवर उकळणाऱ्या हत्यारांचा बारीक खणखणाट उरे.

ते जैन होते आणि सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नसत. वखारी सुटायची वेळ आणि त्यांच्या जेवणाची वेळ एकच. काकू, म्हणजे त्यांची पत्नी, मागच्या घरातून झाकलेले ताट घेऊन दाराशी येत, एकदा आकाशाकडे पाहत, एकदा ओट्यावर बसलेल्या बायकांच्या रांगेकडे पाहत, आणि ताट घेऊन परत जात. पश्चिमेचा तांबडा रंग त्या ताटावरच्या पितळी झाकणावर क्षणभर थांबे. आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी डॉक्टरांचे जेवण असे मावळून जाई. काकूंचे माहेर चिकोडीकडचे, कन्नड बोलणारे. नवरा-बायको भांडत ते कन्नडमध्ये आणि समेट होई तो मराठीत, किंवा उलट. हत्यारे उकळताना डॉक्टर कन्नड स्तोत्रे गुणगुणत. त्यांचे कन्नड माझ्या मराठीपेक्षा गोड होते, हे मी कबूल करते.

म्हणूनच त्यांच्या त्या एका हट्टाचे मला नवल वाटे. दवाखान्यात येणारा कोणताही सरकारी कागद नुसत्या कन्नडमध्ये असला तर तो परत जायचा. बिल असो, सूचना असो, वर्गणीचे पत्र असो. टेबलावर एक पत्र्याचा ट्रे होता, त्याला मी 'परत' अशी चिठ्ठी चिकटवली होती. त्यातल्या प्रत्येक पाकिटावर मी लिहायचे, 'मराठी प्रत जोडावी, ही विनंती.' आमच्या सीमेवरच्या गावांत हे नवे नव्हते. कितीतरी घरांतून असे कागद परत जात. पण तिथे रागाने जात, इथे नम्रतेने. बहुतेक कार्यालये आठवड्याभरात दुसरी प्रत पाठवत; काही पाठवत नसत. पोस्टमन हसून म्हणे, "ह्या दवाखान्याची चाल साऱ्या गावाला ठावं हाय."

मी एकदा विचारले, "डॉक्टर, तुम्हाला तर वाचता येते. मग?"

ते हात पुसत होते. पुसतच राहिले. "मी शिकाऊ असताना एका दवाखान्यात बाई आलती. तिला एक औषध सोसत न्हवतं. तसं आधीच्या डॉक्टरनं कागदावर लिवून दिलतं. कागद तिच्या बटव्यातच होता. तिला मराठी चौथीपर्यंत येत होतं, आणि कागद मराठीत न्हवता. तेच औषध तिला टोचलं गेलं." एवढेच. रुमाल खुंटीला अडकवून म्हणाले, "दोन्ही भाषा घरच्याच गं. पण कागद माणसापर्यंत पोचला पायजे. मी वाचतो म्हणून घेतला, तर उद्या तिलाबी तसाच पाठवतील." त्यांचे स्वतःचे संमतीपत्र, दात काढण्यापूर्वी सही घ्यायचे, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये होते. दोन्ही बाजू ते रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवत.

तानूबाई वखारीत पाने निवडायची. तिच्या डाव्या गालात चट्टा होता. तुकडा काढून तपासायला पाठवू या, असे डॉक्टरांनी तीनदा सांगितले. पहिल्यांदा तिने यात्रा सांगितली, दुसऱ्यांदा नातीचे बारसे, तिसऱ्यांदा खरे कारण. "लोखंड लागलं की पसरतंय म्हणत्यात, डॉक्टर. माझ्या जावेचं तसंच झालं."

"जावेला लोखंड उशिरा लागलं. आधीच पसरलं होतं, म्हणून तर लावलं."

"व्हय हो, पर माणसं तसं म्हणत न्हाईत."

चौथ्या खेपेला ती तयार झाली. संमतीपत्र त्या दिवशी मी वाचून दाखवले. तिने एकेक अक्षर जोडत, कपाळावर घाम येईपर्यंत, आपले नाव लिहिले. डॉक्टरांनी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. अहवाल आला, तो वाईट होता, कर्करोगाचा. त्यांनी तिला बेळगावच्या मोठ्या इस्पितळात पाठवले; ती दोन खेपा गेली. मग घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी, वखारीतल्या सगळ्यांनी ठरवले, लोखंड लागले, आता जाऊन उपयोग नाही. उन्हाळ्याआधी ती गेली. तिच्या मुलाने दंतवैद्यांची नोंद ठेवणाऱ्या परिषदेकडे तक्रार केली: डॉक्टरने न विचारता आईचे तोंड कापले, त्याने रोग पसरला. मी त्या मुलाला कधी दोष दिला नाही. ज्याची आई जाते त्याला कारण हवे असते, आणि गावाने त्याच्या हातात एक तयार कारण दिले होते. पण तिची सही असलेला तो कागद आमच्या कपाटात होता. परिषदेने एकदा विचारले असते, तर तो एका मिनिटात टेबलावर ठेवता आला असता.

परिषदेने विचारले होते. हेच मला सांगायचे आहे.

डॉक्टर दरवर्षी दोन दिवस गुंजीला जात. तिथल्या शाळेतले मास्तर त्यांचे जुने स्नेही. रानातल्या वाड्यांवरून आलेल्या मुलांचे दात पाहायला ते बेळगावहून रेल्वेने जात आणि येताना जांभळे किंवा करवंदे, जे असेल ते, आणत. ते गुंजीला असताना एका दुपारी पोस्टमन आला. दवाखाना रिकामा होता. मी वहीच्या मागच्या पानावर एक कविता जुळवत बसले होते; दुसऱ्या कडव्याला शब्द सापडत नव्हता, आणि तोच नेमका ओठावर आला होता.

"रजिस्टर हाय, बाई. बेंगळूरचं."

पाकिटावरचा सगळा मजकूर कन्नड. मी शाळेत कन्नड शिकले आहे. अक्षर लावून वाचले असते तर पाठवणाऱ्याचे नाव कळले असते. मी वाचले नाही. माझे अर्धे मन कवितेत होते आणि उरलेल्या अर्ध्याला, आज प्रामाणिकपणे लिहिते, एक लहानसा ताठा होता. डॉक्टरांच्या नम्र विनंतीत मी माझा अभिमान भरला होता.

"चाल ठाऊक आहे ना तुम्हाला?" मी म्हणाले.

"ठावं हाय वो. पर हे मोठ्या हापिसातनं दिसतंय. घ्या की."

"मोठ्या कार्यालयात मराठी टंकलेखक नसतात का?"

तो हसला. पेन मीच दिले. पाकिटाच्या पाठीवर मी माझ्या सर्वांत सुबक अक्षरात लिहिले, 'मराठी प्रत जोडावी, ही विनंती.' त्याखाली त्याने आपला शेरा मारला, घेण्यास नकार. तो पायऱ्या उतरला. मी दुसऱ्या कडव्याकडे परतले. डॉक्टर आले तेव्हा करवंदांच्या गडबडीत मी त्यांना काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही घडले आहे असे मला वाटलेच नव्हते.

काही महिन्यांनी दुसरे पाकीट आले, इंग्रजीत. ते मी घेतले. डॉक्टरांनी ते उभ्यानेच वाचले. खुर्चीवर एक मुलगी तोंड उघडून बसली होती. त्यांनी तिच्या दाढेत कापूस भरला, तिच्या बापाला सांगितले, "आता पुढचं दुसऱ्याकडं करून घ्या," आणि हातमोजे काढले. मग माझ्याकडे वळून, हवामान सांगावे तशा आवाजात म्हणाले, "नाव काढलं. नोटीस घेतली न्हाय, उत्तर दिलं न्हाय, म्हणून तक्रार खरी धरली."

त्या क्षणी मला ते पाकीट आठवले. माझ्या तोंडात लवंग चावल्यासारखा बधिरपणा पसरला.

बेळगावच्या वकीलसाहेबांनी धारवाडच्या उच्च न्यायालयात रिट दाखल केले. ते वयस्क, नेमके बोलणारे गृहस्थ होते. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितले, "डॉक्टर, एक समजून घ्या. धारवाडचं कोर्ट तुमचा हात बघणार नाही. तुकडा काढायला हवा होता की नको, ते ठरवायचं काम परिषदेचं. कोर्ट एवढंच विचारणार, की ठरवण्याआधी परिषदेनं तुम्हाला बोलायची संधी दिली होती का."

"म्हणजे तानूबाईची सही?"

"ती बघायची वेळच येणार नाही कदाचित."

"म्हणजे दात सोडून नुसता जबडा तपासायचा," डॉक्टर म्हणाले. वकीलसाहेब हसले. मी हसू शकले नाही.

दुसऱ्या भेटीत परिषदेचे उत्तर आले होते. त्यासोबत त्या परत गेलेल्या पाकिटाची छायाप्रत होती. वकीलसाहेबांनी ती टेबलावर सरकवली. मी फायली सांभाळत बाजूच्या खुर्चीवर बसले होते. उलट्या बाजूनेही मला माझ्या अक्षरातली, 'ळ' नसलेली ती ओळ दिसली. वेलांट्या गोल, काने सरळ, अनुस्वार दवबिंदूसारखा नेटका. असे सुंदर अक्षर मी आयुष्यात काढले नव्हते.

"हे कुणी परत केलं?" वकीलसाहेबांनी विचारले.

डॉक्टरांनी चष्मा लावला. छायाप्रत हातात घेतली. त्यांची नजर त्या ओळीवरून सावकाश गेली आणि शेवटच्या शब्दावर थांबली.

"मी."

"नीट आठवा. त्या दिवशी तुम्ही गावात होता? कारण तुम्ही नसाल, तुमच्या माघारी दुसऱ्या कुणी तुम्हाला न सांगता परत केलं असेल, तर नोटीस तुम्हाला मिळालीच नाही. मग हा हुकूम एका सुनावणीत पडेल. त्या माणसाचं प्रतिज्ञापत्र लागेल फक्त. आणि तुम्ही स्वतः परत केलं असेल, तर कायद्यात ती मिळाल्यासारखीच. मग माझ्याकडं फार काही उरत नाही."

मी तोंड उघडले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. उभे आयुष्य लोकांना 'उघडा' म्हणत आलेला तो माणूस, एक बोट किंचित वर करून मला म्हणाला, "मीट."

आणि वकिलांकडे वळून, "गावातच होतो. अक्षर माझंच."

वकीलसाहेबांनी एकदा वकीलपत्रावरच्या त्यांच्या सहीच्या मुंग्यांकडे पाहिले, एकदा त्या ओळीकडे, एकदा माझ्याकडे. ते जाणते गृहस्थ होते. त्यांनी पुढे विचारले नाही.

निपाणीच्या बसमध्ये मी रडत होते. खिडकीतून उसाचा, ओल्या मातीचा, डिझेलचा वास येत होता. मी म्हणाले, मी प्रतिज्ञापत्र देते, खरे ते लिहिते. तेव्हा माझी सरकारी शाळेत नेमणूक व्हायची होती. यादीत नाव लागले होते, कागदपत्रांची तपासणी बाकी होती.

"काय लिवणार? कन्नड पाकीट बघून सरकारी नोटीस परत लावली म्हणून? ह्या गावात? तुझ्या नेमणुकीच्या फायलीला लावतील ते." त्यांचा आवाज चढला नाही. "आणि चाल कुणाची? माझी. तू पाळलीस. चाल माझी असंल तर चूक तुझी कशी हुईल गं?"

"पण तुमचे नाव..."

"माझं नाव चढून तीस वरसं झाली. तुझं अजून चढायचं हाय."

मी वाद घातला. संकेश्वर येईपर्यंत घातला. मग थांबले. मला पटले म्हणून थांबले नाही. पटवून घ्यायचे होते म्हणून थांबले. त्यांनी शपथेवर लिहून दिले की पाकीट आपण स्वतः परत केले. ज्यांना मी रुग्णाला 'दुखणार नाही' असे खोटेसुद्धा कधी सांगताना ऐकले नव्हते ('दुखंल, पर थोडं,' असेच ते म्हणत), त्यांनी ते लिहून दिले.

धारवाडला मी गेले. न्यायालयाच्या ओसरीवर तानूबाईचा मुलगा उभा होता. त्याचा डावा गाल सुजला होता. डॉक्टर त्याच्याजवळ गेले. मला वाटले, आता काही होते.

"डावी दाढ हाय रं ती," ते म्हणाले. "लवंग धर. आजच्या आज कुणालातरी दाखीव. मला दाखवू नकोस, मला परवाना न्हाय."

मुलगा खाली पाहत म्हणाला, "तुम्ही माझ्या आईला लोखंड लावलंसा."

"लावलं. उशिरा लावलं. तीनदा तिचं ऐकलं, तेवढं माझं चुकलं."

मुलाने मान फिरवली. पण गालावरचा हात त्याने काढला नाही, आणि डॉक्टर तिथून लगेच हलले नाहीत. दोघे एकाच खांबाच्या सावलीत, एकमेकांकडे न पाहता, पुकारा होईपर्यंत उभे होते.

सुनावणी छोटी झाली. न्यायमूर्तींनी पाकीट पाहिले. डॉक्टर हजर आहेत का, असे विचारून त्यांना पुढे बोलावले आणि कन्नडमध्ये विचारले, तुम्हाला कन्नड वाचता येते का. डॉक्टरांनी अस्खलित कन्नडमध्ये उत्तर दिले की येते. मग परत का केले? तेव्हा डॉक्टरांनी बटव्यातल्या कागदाची गोष्ट सांगितली. न्यायमूर्तींनी ती पूर्ण ऐकून घेतली. ते म्हणाले, आपली भावना आम्हाला समजते. मराठी प्रत मागण्यात काही गैर नव्हते, पण ती नोटीस स्वीकारून मागता आली असती. तुकडा काढणे योग्य होते की अयोग्य, यावर हे न्यायालय बोलणार नाही. संधी दिली होती. ती ज्याला दिली, त्यानेच नाकारली. याचिका फेटाळण्यात येत आहे. परिषदेकडे नाव पुन्हा घेण्यासाठी अर्ज करण्यास मोकळीक राहील.

प्रत्येक वाक्य बरोबर होते. माझ्या एका ओळीवर ती सगळी बरोबर वाक्ये उभी होती.

अर्ज त्यांनी केला नाही. त्यात 'झाल्या चुकीबद्दल खेद' असा एक रकाना होता. "कुठल्या चुकीबद्दल?" ते म्हणाले. "तुकडा काढला ती? ती चूक म्हणून लिवली तर उद्या कुठला डॉक्टर काढंल तुकडा?" पाटीवरचे 'दंतवैद्य' त्यांनी स्वतः खरवडले. लाकडाच्या उजळ चट्ट्याशेजारी नाव तेवढे राहिले. खुर्ची विकली नाही. ओट्यावर आणून ठेवली. वखार सुटली की तिथे बसत, हातात एक छोटा आरसा. तो बायकांनाच देत. "मी हात लावणार न्हाय. तुम्हीच बघा. गाल असा वढा. पांढरं दिसतंय? मग बेळगावला जावा. बघायला परवाना लागत न्हाय." बायका रांगेने आरशात आपलीच तोंडे पाहत. मावळतीचा प्रकाश त्या आरशातून एकेकीच्या गालात शिरे. काकू पितळी झाकणाचे ताट घेऊन दाराशी येत आणि परत जात.

माझी नेमणूक झाली. मी बेळगावला आले. दर दिवाळीला निपाणीला जात असे. मग दोन दिवाळ्यांआड. मग नुसते फोन. फोनवरही त्यांचा पहिला प्रश्न जेवणाचाच. मी शाळेत हजेरीपटावर सही करते, तेव्हा आपले नाव कुणाच्या जागी चढले आहे हे मला दिसते. हे मी कुणाला सांगितले नव्हते. नवऱ्यालाही नाही.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. वय झाले होते, झोपेतच गेले. बातमी उशिरा कळली. मी पोचले तेव्हा घरात येणारी-जाणारी माणसे संपली होती. काकू स्वयंपाकघरात एकट्या बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, न विचारता पान वाढले. ऊन अजून होते. दोडक्याची भाजी, ज्वारीची भाकरी, ताक. पहिला घास घेतला आणि मी थबकले. भाजीत मीठ नव्हते. काकूंनी मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"विसरलेच. पाहुण्याला लागतं. आमच्याकडं मीठ सुटलं, त्याला किती वर्सं झाली."

आमच्याकडच्या जैन घरांत व्रत म्हणून एखादा रस सोडतात. कुणी तूप, कुणी गूळ, कुणी मीठ. मला ते ठाऊक होते. तरी मी विचारले, "केव्हा सोडले?"

"बेळगावहून शिक्क्याचा कागद करून आले ना, त्या दिवशी. वकिलाकडं सही केलेला." त्या आपल्या पानातली भाकरी मोडत होत्या, खात नव्हत्या. "पानावर बसले आणि म्हणाले, आज जीभ खोटं बोलली. तिला आता चव कशाला? जन्मभर सोडलं. मग मी तरी कसं खाणार?"

"काय खोटे बोलले, ते सांगितले नाही?"

काकू भाकरी मोडतच राहिल्या. मागच्या दारातून उन्हाची तिरीप येऊन आमच्या दोघींच्या पानांमध्ये पडली होती. त्या अळणी भाजीची चव माझ्या तोंडात पसरत गेली. दोडक्याची, पाण्याची, निव्वळ हिरवी, कशानेही न झाकलेली चव. इतकी वर्षे या बाईने रोज दोन वेळा ही चव गिळली होती. मी घास खाली ठेवला. वाक्य साधे होते. मला कित्येक वर्षे पाठ होते.

"काकू, ते पाकीट डॉक्टरांनी परत केले नव्हते. मी केले होते."

त्यांनी मान वर केली. म्हातारपणी, डॉक्टर गेल्यापासून, त्यांचे बोलणे पुन्हा माहेरच्या भाषेकडे वळू लागले होते. 'मला माहीत आहे' एवढे सगळे त्या भाषेत एका शब्दात मावते. मिठाची वाटी त्यांनी माझ्या पानाजवळ आणखी थोडी सरकवली, माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या,

"गोत्तु."